कापसासमोर काट्याचं ऐकू नका

पंचफुला,

तुझं रीळ माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. रुमालात गुंडाळलं, वरून पन्नी बांधली, तरी घडीघडी हात लावून पाहून राह्यलो. आज शुक्रवार. उद्या मी आणि करुणा सकाळच्या एस्टीनं यवतमाळले जाऊ आणि रीळ धुवायले देऊ. परवा रविवारी तुझं पुण्यानुमोदन. भंतेजी येतील, बायका वंदना म्हणतील, आणि टेबलावर तुझा फोटो पाहिजे. अर्ध्या राळेगाव तालुक्याचे फोटो तू काढले आणि तुझा एक धड फोटो घरात नाही.

तसे दोन आहेत. एक लग्नातला. त्यात तू मान इतकी खाली घातली की नुसता भांग दिसते. दुसरा मतदानाच्या कार्डावरचा. तो पाहून तूच म्हणत जाय, "ही कोणती बाई होय वं? मले दाखवा तरी एकदा." करुणा म्हणते, बाबा, तोच मोठा करून आणू, वेळ नाही. मी म्हटलं, आणू नको. मोठा केला तर डाग मोठा होईन, माणूस नाही होणार. हे तुझंच बोलणं होय. तुझी पोरगी माझ्याकडं पाहतच राह्यली.

तिसरा फोटो या रिळात आहे. म्हणजे असावा. तो मी काढला, तुझ्या जाण्याच्या अकरा दिवस आधी. माझ्या हातचा आहे म्हणूनच भरवसा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. मले लिहायचं वळण नाही. पण तुझ्याशी भांडण अर्ध्यावर राह्यलं आणि आता ते कोणासंग पुरं करू? म्हणून करुणाच्या जुन्या वहीत लिहून राह्यलो.

तू लग्नाआधी यवतमाळच्या एका स्टुडिओत झाडलोट करत जाय. फरशी पुसता पुसता म्हाताऱ्या मालकाकडून सारं शिकली. आपल्या लग्नानंतर त्यानं दुकान विकलं तेव्हा कॅमेरा तुले देऊन टाकला. तू तो पिशवीत घालून घरी आणला आणि मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "बाईमाणसानं हे गळ्यात अडकवून गावोगाव फिरायचं का?" तू म्हटलं, "गळ्यात नाही, खांद्याले अडकवीन." झालं.

मंग तू फिरली. शाळेच्या फारमाचे फोटो, लग्नं, बारसे, नव्या बैलजोडीचेही. मी जिनिंगात कापूस तोलायच्या काट्यावर होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुझी पिशवी धरायले येत जाय. पिशवी धरता धरता कान चालू राहत. भर दुपारी लग्न लागलं की नवरदेवाचा बाप म्हणे, इथं उन्हात काढा, उजेड चांगला आहे. तू त्याले हाताले धरून लिंबाखाली नेत जाय. "उन्हात डोळ्याच्या खाली खड्डे पडतात, मामाजी. तुमचा पोरगा मेल्यावानी दिसते. सावलीत या, इथं जित्ता दिसते." लोक हसत आणि येत. फोटो काढायच्या आधी तू चारही कोपरे पाहत जाय. एकदा मी विचारलं, माणूस मधात आहे तर कोपऱ्यात काय पाहतं? तर म्हटलं, "मधातला तर पळून जात नाही. कोपऱ्यात कोणाची तरी बादली घुसते." आणि खरंच, डोक्यातून विजेचा खांब उगवलेले किती नवरदेव आपण दुसऱ्यांच्या अल्बमात पाहिले!

कापसाचं तर तू कोणाकडून शिकली नाही, ते तुझं तूच काढलं. सावळ्या पोरीचा फोटो असला की तू तिले जिनिंगाच्या आवारात आणे. सावलीत बसवे, तोंड कापसाच्या गंजीकडं. गंजीवर पडलेलं ऊन पलटून तिच्या तोंडावर येत जाय. डोळ्याखालचं काळं मिटे, गाल उजळत. "पावडर लावू नको वं बाई," तू म्हणे, "कापूस लावून देते पावडर." हमाल दात काढत. मी वरून चिडत जाय आणि आतून छाती फुगे.

मंग ती वर्षं आली. बोंडात अळी, झाडावर बोंड आहे आणि आत काळं. जिनिंग अर्धं साल बंद, माझा काटा झाकून ठेवलेला. तुझ्याकडं लग्नाच्या ऐवजी लोक सडकं बोंड घेऊन येत, भरपाईच्या अर्जाले फोटो पाहिजे म्हणून. तू बोंड फोडून त्याच माणसाच्या तळहातावर ठेवे. "हात असू द्या. हात असला की बोंड केवढं ते साहेबाले समजते." मागं छत्रीचं काळं कापड. जवळून काढायचं म्हणून कॅमेरा खाटेच्या माच्यावर टेकवत जाय, आणि साऱ्याईले सांगे, आता कोणी खाटेवर बसू नका. बायाही येत, बँकेच्या पुस्तकाले फोटो लावायले. नव्यानंच पांढऱ्या कपाळाच्या. त्याईले तू कधी हसा म्हटलं नाही. पाणी दे, बसू दे, मंग काढे. त्या दिवसांत तू घरी आल्यावर जेवायची नाही, आणि मी विचारायचा नाही. विचारायले पाहिजे होतं.

आता माझ्या फोटोचं.

तुले दम लागत होता. भाव पडला म्हणून आपल्या तीन एकराचा कापूस छपरीत भरून होता, साऱ्या घराले खाज. दुपार कलली होती. तू म्हटलं, "रिळात एक-दोन बाकी आहेत. माझा एक काढा."

मी म्हटलं, "कायले? मरून राह्यली का?"

माझं तोंड असंच. तू म्हटलं, "मेल्यावर काढून काय करता? डोळे बंद राहतीन. जित्ती आहो तवर काढा."

मंग तू मले शिकवलं. तीस वर्षं पिशवी धरली, कॅमेरा त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्याले लावला. कोपरं फासळ्याले चिकटवा. श्वास सोडा, मंग दाबा, दाबताना बोटच हलू द्या, हात नको. मधल्या गोलात माणूस दोन तुकड्यांत दिसते, ते तुकडे डोळ्यावर जुळवा, नाकावर नाही. वेगाचा आकडा साठच्या खाली नेऊ नका, तुमचे हात आता थरथरतात. मी सारं ऐकलं. मंग खुर्ची उचलून कापसाच्या गंजीपुढं ठेवली.

"इथं बस. मागं पांढरंशुभ्र, राणीवानी दिसशीन."

"कापूस तोंडासमोर पाहिजे, पाठीमागं नाही."

"तुझ्या तोंडासमोर मी आहो ना!"

तू हसली आणि खोकली. मंग म्हटलं, "बरं, मागं तर मागं. पण कापसासमोर काट्याचं ऐकू नका. कॅमेऱ्यातला काटा पांढरं पाहून भुलते. त्याले वाटते लई उजेड आहे, मंग तो उजेड कमी करायले लावते. तुम्ही कडं फिरवून दोन घर जास्त उजेड द्या. नाहीतर कापूस चांगला येईन आणि माझं तोंड तव्यावानी."

इथं मी अडलो. पंचफुला, तीस वर्षं मी काट्यावर उभा राह्यलो. बैलबंडी काट्यावर चढली की पाटील असो, मजूर असो, काटा थांबला की वाद थांबते. काट्यावर बोट ठेवणाऱ्याले मी दोनदा मारलं आहे, तुले माहीत आहे. आणि तू मले सांगतं, काटा मधात आला तरी त्याले खोटं धरा.

"काटा तो काटा," मी म्हटलं. "मधात आला म्हणजे बराबर."

"तो वजनाचा होय, हा उजेडाचा होय."

"खोटा आहे तर ठेवला कायले त्याईनं?"

तू माझ्याकडं पाहिलं. कॅमेरा माझ्याकडून मांडीवर घेतला, पदरानं काच पुसली, वरून काही खुडबुड केली आणि परत दिला. "बरं," तू म्हटलं. "तुमच्या काट्यानं काढा."

मले वाटलं मी जिंकलो. काटा मधात आणला, तुकडे डोळ्यावर जुळवले, दाबलं. एकच काढला. त्या रात्रीपासून तुझा दम वाढला, आणि कॅमेरा खुंटीले तसाच राह्यला.

तू गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तो खुंटीवरून काढला. करुणा म्हणे, बाबा, तसाच दुकानात नेऊन देऊ. मी म्हटलं, कोणी नवशिक्यानं मागचं झाकण उघडलं तर? तुझ्या आईचं तोंड उन्हात उघडं पडीन. रीळ आपणच गुंडाळू. खालचं बटण दाबून वरची दांडी फिरवायची, एवढं मी पाह्यलं होतं. तरी भेव गेलं नाही. म्हणून गोधडी घेतली आणि भर सकाळी तिच्यात शिरलो. फिरवून राह्यलो, घाम गळून राह्यला. बाहेरून शेजारची सखुबाई विचारे, "करुणा, तुझ्या बापाले ताप आला का वं?" आणि करुणा हसे आणि रडे. दांडी एकदम हलकी झाली. आत रीळ तुटलं का गुंडाळलं गेलं, ते समजेना. गोधडीतच बसून राह्यलो. शेवटी करुणानं हात आत घालून झाकण उघडलं. रीळ पुरं आत गेलं होतं.

पण काल आणखी एक दिसलं. कॅमेरा पुसून राह्यलो तर वरच्या चकतीच्या खिडकीत आकडा पन्नास. तुझ्या पिशवीत या रिळाचा डबा होता, त्यावर दोनशे. रिळाचा आकडा आणि चकतीचा आकडा एक पाहिजे, हे तर तू पिशवी धरणाऱ्याले, म्हणजे मलेच, हज्जारदा सांगितलं. हा पन्नास कुठून आला? मी गोधडीत ढकलला का? का आधीपासूनच तसा होता? मंग तर सारं रीळ गेलं. त्यात झाडगावच्या पोरीचे शाळेचे फोटो आहेत, एका म्हाताऱ्याचे आहेत, ज्याईनं तुझ्यावर भरवसा ठेवला. आणि शेवटचा तू. आधीच मी काट्याचं ऐकलं, वरून हा पन्नास. करुणाले हे सांगितलं नाही.

*

आज शनिवार, परत आल्यावर लिहून राह्यलो.

एस्टीत ड्रायव्हरच्या बाजूची जागा होती, मी बसलो नाही. तिथं इंजिनची गरमी असते आणि रीळ गरमीनं खराब होते म्हणत जाय तू. उभा राह्यलो, खिशावर हात. कंडक्टर म्हणे, "बाबा, छातीत दुखते का?" मी म्हटलं, "नाही, बायको आहे." करुणानं मले दंडाले धरून मागं नेलं.

तुझा लॅबवाला शकीलभाई. त्याले तुझं माहीत नव्हतं. सांगितलं तर हातातलं काम ठेवून खुर्ची दिली. रीळ घेऊन आत गेला. मी बाहेर स्टुलावर. भिंतीवर साऱ्या जगाचे हसरे चेहरे. किती वेळ बसलो सांगता येत नाही, करुणानं दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा थंडा झाला.

त्यानं आवाज दिला. "चाचा, अंदर आओ."

ओली पट्टी ट्यूबलाईटसमोर धरली होती. शेवटच्या चौकोनात मागं काळाकुट्ट डोंगर, आणि पुढं एक धुरकट बाई. मी म्हटलं, "काळं झालं ना? मले माहीतच होतं."

"चाचा, ये निगेटिव है. उलटा समझो. ये काला है ना, ये कपास है. चेहरा देखो, भरा हुआ है. एकदम बराबर." मंग तो पट्टीवर वाकला. "एक बात समझ में नहीं आयी. पहले के सब दोसौ के हिसाब से आये हैं. आखरी एक ही दो घर जादा लिया. आपने जादा दिया?"

"मी काही जास्त दिलं नाही. काटा मधात होता."

"तो ऐसा फोटो आ ही नहीं सकता. मागं कपास होता ना? चेहरा काला आना मंगता था."

मी कॅमेरा पिशवीतून काढला आणि पन्नासचा आकडा दाखवला. म्हटलं, माझ्या हातानं सरकला असंन, माझीच चूक होय. शकीलभाईनं बोट चकतीवर ठेवलं आणि ढकललं. चकती हलली नाही. मंग ती नखानं वर उचलली, तेव्हा फिरली.

"ये अपने आप नहीं घूमती, चाचा. उठाके घुमानी पडती. दोसौ का रोल डालके पन्नास बोलो, तो काटे को लगता रोल सुस्त है. मंग काटा खुदही दो घर जादा उजेड मांगता. आप काटे को बीच में लाओ, फोटो बराबर." तो माझ्याकडं पाहून हसला, नंतर हसू आवरलं. "चाची ने आपके लिए लगाके रखा था."

मी तिथंच बसलो, पंचफुला. लोक फोटो घ्यायले येत होते आणि म्हातारा जमिनीवर बसलेला.

तर हे तू मांडीवर कॅमेरा घेऊन केलं. पदरानं काच पुसता पुसता. तुले माहीत होतं मी ऐकणार नाही. तू काट्यालेच माझ्या बाजूनं खोटं बोलायले लावलं, आणि मले म्हटलं, तुमच्या काट्यानं काढा. इतक्या लवकर तू कधी हरली होती का? मले समजायले पाहिजे होतं.

मले राग आला, खरं सांगतो. तू मले फसवलं. जाता जाता बाईनं माणसाले फसवायचं का? आणि लगेच दुसरंही आलं मनात: असं किती वेळा केलं असंन तू? घरात, शेतात, पोरीच्या लग्नात, मी काटा मधात आणून छाती फुगवली आणि खालून तू चकती फिरवून ठेवली. मले एकच दिसलं, कारण त्याचा फोटो निघाला. बाकीच्याचं मी कोणाले विचारू? करुणाले विचारलं, तर ती म्हणे, "बाबा, जाऊ द्या ना." म्हणजे तिले माहीत आहे.

*

सोमवार. पुण्यानुमोदन झालं. बाकीच्या लोकांचे फोटो सारे साफ आले, करुणा आज झाडगावले पोचवून आली.

तुझा फोटो मोठा करून आणला. मागं कापूस पांढराफेक, थोडासा जास्तच. तोंड असं आलं की गालावरचा देवीचा वणही दिसते. फोटो वाकडा आहे, उजवीकडं कोपऱ्यात खाटेचा पाय घुसला. कोपरे पाहायचे राह्यले माझे.

पण तुझं तोंड उघडं आहे. करुणा दुकानातच म्हटली, "बाबा, आई बोलून राह्यली होती का? लोक काय म्हणतीन? वंदनेत असा फोटो ठेवत नाहीत." तेव्हा मले आठवलं. तू खरंच बोलून राह्यली होती. मी कॅमेऱ्याच्या मागून ओरडलो, "बोलू नको, हलशीन!" आणि दाबलं. नंतर विचारलं, काय म्हणत होती? तू म्हटलं, "काही नाही, राहू द्या."

मी तोच ठेवला. भंतेजींनी पाहिला आणि वंदना सुरू केली. बाया फुलं वाहता वाहता थांबत. सखुबाई म्हटली, "बाई, आत्ता बोलीन वाटते."

काल सारे गेल्यावर मी आरशासमोर उभा राह्यलो आणि तुझ्यासारखं तोंड करून पाहिलं. हसू नको. ओठ गोल आहेत, थोडे पुढं आलेले. "पाणी" म्हटलं, ओठ तसे होत नाहीत. "काटा" म्हटलं, नाही. "श्वास सोडा" म्हटलं, नाही. करुणा दारात उभी राहून पाहून राह्यली होती. तिनं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणे, "बाबा, आई 'अवो' म्हणून राह्यली."

साऱ्या जन्मात तू माझं नाव घेतलं नाही. "अवो" एवढंच. चुलीपासून, वावरातून, दवाखान्याच्या खाटेवरून, अवो. त्याच्या पुढं काय होतं ते मी बोलू दिलं नाही, आणि ते आता कोणत्याच रिळात निघायचं नाही. पण आवाज तर मलेच देऊन राह्यली होती.

फोटो समोरच्या भिंतीवर लावला आहे. तिथून जातो येतो. आज सकाळपासून चार वेळा झालं, मी काही ठरवलं नाही, तोंडातून आपोआप निघते:

"काय वं?"